लोखंड घोटणारी फिरती भट्टी

श्रोतेहो, गावच्या लोहाराला जाऊन सांगा, की लोखंड म्हणजे लोखंड, सगळे एकच. तो हसेल. त्याच्या हिशेबी लोखंडाच्या तीन जाती. पहिली बीड. ते वितळवून साच्यात ओतावे, त्याच्या कढया आणि यंत्रांच्या बैठका कराव्यात. पण तापवून ऐरणीवर घेतले आणि वर घण घातला, की त्याचे तुकडे व्हायचे. दुसरी जात पोलाद. त्याला पाणी दिले की धार धरते. तिसरी जात घडीव लोखंडाची. हे मऊ आणि चिवट. तापवून लाल करा, वाकवा, पीळ द्या; दोन टोके पांढरी होईतो तापवून एकावर एक ठेवा आणि ठोका, सांधा कुठे होता ते शोधून सापडणार नाही. बैलगाडीच्या चाकावरची जुनी धाव, वाड्याच्या दाराची कडी, नांगरलेल्या जहाजाची साखळी ही या तिसऱ्या जातीची कामे.

शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर सांगावे, की तिन्हींत धातू एकच आहे. फरक मुख्यतः कार्बनचा, म्हणजे कोळशाच्या अंशाचा. बिडात शंभर भागांत तीन-चार भाग कार्बन असतो. पोलादात तो फार तर दीड-दोन भाग, बहुधा त्याहून बराच कमी. घडीव लोखंडात तो जवळजवळ नसतोच. उलट धातुमळीचे बारीक धागे मात्र त्यात सर्वभर पसरलेले असतात. म्हणून जुनी धाव मोडून पाहिली तर ती अंबाडीच्या काडीसारखी तंतू तंतू होऊन मोडते. आज बाजारात लोखंड म्हणून जी सळई, पत्रा किंवा खिडकीचे गज मिळतात ते घडीव लोखंड नव्हे. ते सौम्य पोलाद. नक्षीदार फाटकांना दुकानदार ‘रॉट आयर्न’ म्हणतो, ते त्याचे बोलणे. माल पोलादाचाच असतो.

मग हे घडीव लोखंड गेले कुठे? ते करण्याची विद्या कोणती होती, आणि ती विद्या माणसाच्या हातातून काढून एका फिरत्या पिंपाकडे सोपवण्याचा जो मोठा प्रयत्न शंभर-दीडशे वर्षांपूर्वी झाला त्याचे काय झाले, ती हकिकत आज सांगायची आहे.

घडीव लोखंड करण्याचा सर्वांत जुना मार्ग आपल्याकडे हजारो वर्षे चालत आलेला. मातीची लहान भट्टी, तीत लोहखनिज आणि लाकडी कोळसा, खाली भाता. या भट्टीत लोखंड वितळत नाही. ते घट्टच राहते आणि मळीने भरलेल्या स्पंजासारखा त्याचा गोळा तयार होतो. तो गरम असतानाच ठोकून ठोकून मळी पिळून काढायची. मध्य भारतातले आगरिया लोक हेच करीत. दिल्लीचा सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ असेच गोळे जोडून घडवला आहे.

युरोपातही पूर्वी हीच रीत होती. पुढे तिकडे उंच झोतभट्ट्या आल्या. त्यांत उष्णता इतकी, की लोखंड कोळशातला कार्बन पिऊन वितळते आणि पाण्यासारखे वाहते. माल रग्गड मिळू लागला, पण तो सगळा बिडाचा. त्यातून कार्बन काढल्याशिवाय ते घडवता येईना. बीड पुन्हा लाकडी कोळशात तापवून शुद्ध करायचे, तर इंग्लंडात रानेच पुरेनात. दगडी कोळसा भरपूर होता, पण त्यात गंधक. तो लोखंडाला लागला की लोखंड ठिसूळ.

ही गाठ सोडवली हेन्री कोर्ट या इंग्रजाने. हॅम्पशायर परगण्यात फाँटली येथे त्याचा कारखाना होता. १७८४ साली त्याने पेटंट घेतले ते असे: विस्तव एका कप्प्यात, बीड दुसऱ्या कप्प्यात आणि मध्ये बुटकी भिंत. ज्वाळा भिंतीवरून पलीकडे झेपावते, वरच्या कमानीला थडकून खाली बिडावर पसरते आणि धुराड्यातून निघून जाते. कोळसा लोखंडाला शिवतच नाही. बीड वितळले, की कामगाराने बाजूच्या भोकातून लांब लोखंडी गज आत घालायचा आणि ते ढवळत राहायचे. इंग्रजीत या क्रियेला पडलिंग म्हणतात. आपण तिला घोटणे म्हणू. कोर्टला मात्र या शोधाचा पैसा पचला नाही. त्याच्या भागीदाराचा बाप आरमाराच्या पगारखात्यात होता, त्याने सरकारी पैसा या धंद्यात घातलेला. तो १७८९ साली वारला, तेव्हा सरकारने वसुलीसाठी कोर्टच्या पेटंटांवर हात ठेवला. कोर्टचे दिवाळे निघाले आणि इतरांनी त्याची रीत फुकट वापरली.

आता भट्टीच्या आत काय घडते ते समजून घेऊ. आपल्या बायाबापड्यांना ते चटकन कळेल, कारण ते ताक घुसळण्यासारखेच आहे. बीड साधारण बाराशे अंशांच्या आत वितळते. शुद्ध लोखंड वितळायला पंधराशे अडतीस अंश लागतात. एवढी उष्णता त्या भट्टीत नसे. म्हणजे ढवळता ढवळता कार्बन जळत गेला, की उरलेले लोखंड त्या उष्णतेत पातळ राहू शकत नाही. रवी फिरता फिरता ताकावर लोण्याचे कण धरावेत तसे रसात लोखंडाचे कण धरू लागतात, रस दाटतो आणि शेवटी मळीच्या डबक्यात पांढऱ्या लोखंडाचा लगदा उरतो. ‘लोखंड आले’ हे ज्याला कळले तो खरा घोटणारा.

१८३०च्या सुमारास स्टॅफर्डशायरमधल्या टिप्टन गावच्या जोसेफ हॉलने या रीतीत एक मोठी सुधारणा केली. कोर्टच्या भट्टीचा तळ वाळूचा होता, तो पुष्कळसे लोखंड खाऊन टाकी. हॉलने तळाला लोखंडाच्याच भस्माचे, म्हणजे ऑक्साइडचे अस्तर दिले. त्या अस्तरातला ऑक्सिजन बिडातल्या कार्बनला भिडतो, आतून वायू उसळतो, सगळा रस दुधासारखा उतू येतो आणि पृष्ठभागावर निळ्या ज्योती नाचतात. कामगार त्यांना मेणबत्त्या म्हणत. हे अस्तर लक्षात ठेवा. ते नुसते भट्टीचे भांडे नव्हते, औषधही तेच होते. पुढची सारी कथा या अस्तराभोवती फिरते.

एका खेपेला सव्वादोनशे ते अडीचशे किलो बीड. ते वितळायला अर्धा तास, मग उकळी, मग घोटणी. सगळी मिळून दीड-दोन तासांची खेप. बारा तासांच्या पाळीत अशा पाच-सहा खेपा. म्हणजे एक माणूस आणि त्याचा मदतनीस मिळून टनाहून जास्त लोखंड हाताने घोटीत. गज वाकला की पाण्यात बुडवायचा, दुसरा घ्यायचा. भट्टीच्या तोंडाशी अंग भाजते आणि पाठीला बाहेरचा गारठा लागतो. शेवटी तो लगदा आतल्या आत पाच-सहा गोळ्यांत वाटायचा, चाळीसेक किलोंचा एकेक. आणि प्रत्येक गोळा सांडशीने ओढून घणाखाली न्यायचा, तोही पुन्हा जळून जाण्याआधी. घणाखाली मळीच्या चिळकांड्या उडत. अशा कामात माणसे लवकर खचत. तेजाकडे सतत पाहून डोळे जात.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हे हमालाचे काम नव्हते. रसाचा रंग, गजाला लागणारा जडपणा, ज्योतींचे कमी होणे यावरून हा माणूस ठरवी, की आता धुराड्याची झडप लावायची, आता अस्तराचा तुकडा घालायचा, आता गोळे बांधायचे. मापायला कोणतेही यंत्र नव्हते. आत काय चालले आहे हे मालकाला ठाऊक नव्हते आणि त्याच्या मुनीमालाही नव्हते. त्यामुळे घोटणाऱ्याचा शब्द कारखान्यात चाले. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १८५८ साली या लोकांनी आपली संघटना बांधली आणि तिला नाव दिले ‘व्हल्कनपुत्र’. व्हल्कन म्हणजे रोमन लोकांचा लोहारदेव. १८६५ साली त्यांनी मालकांकडून करार लिहून घेतला, की लोखंडाचा बाजारभाव चढेल-उतरेल तशी टनामागची मजुरी चढेल-उतरेल. इंग्लंडच्या उत्तर भागात संप आणि टाळेबंद्या होऊन होऊन अखेर १८६९ साली मालक आणि कामगार यांचे लवादमंडळ बसवावे लागले.

इकडे लोखंडाला मागणी किती म्हणाल, तर विचारू नका. सगळे जग रूळ टाकीत होते. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती घोटलेल्या लोखंडाच्या रुळांवरूनच. स्वस्त पोलादाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आणि प्रत्येक टन लोखंड कोणाच्या तरी दंडातून निघायचे. चांगला घोटणारा तयार व्हायला वर्षे लागत. मालकाला माल दुप्पट हवा असला तर भट्ट्या दुप्पट बांधता येत, घोटणारे कुठून आणणार? तेव्हा यंत्र हवे, ही ओढ तीन बाजूंनी होती: माल वाढवायचा, मजुरी वाचवायची, आणि उघडच बोलायचे तर घोटणाऱ्याच्या हातातली किल्ली काढून घ्यायची. माणसाचे हाल वाचावेत असे म्हणणारेही होते. ते खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. पण नुसत्या त्या कारणासाठी कोणी एवढा पैसा ओतला नसता.

पहिली कल्पना सोपी होती. गज यंत्राने हलवावा. तशी यंत्रे झाली, काही ठिकाणी चाललीही. पण यंत्राचा गज ठरल्या रेषेत फिरतो, कोपऱ्यात काय राहिले ते त्याला दिसत नाही, आणि गोळे बांधायला माणूस लागतोच. दुसरी कल्पना धाडसाची. गज हलवायचाच नाही, भट्टीच फिरवायची. आडवा ठेवलेला पखवाज डोळ्यांपुढे आणा. तो फिरू लागला, की आतला रस बाजूवर चढतो, घसरतो, पुन्हा चढतो आणि आपोआप घोटला जातो. लोखंड धरू लागले की लाडवासारखा त्याचा गोळाही आपोआप वळला जातो.

वेल्समधल्या डाउलेस येथील मोठ्या कारखान्याचे व्यवस्थापक विल्यम मेनेलॉस यांनी १८६०च्या दशकात हे प्रयोग नेटाने केले. पिंप फिरले, लोखंडही निघाले. टिकले नाही ते अस्तर. विचार करा, आपण चूल लिंपतो ती जागच्या जागी बसलेली असते. लिंपलेली चूल दर मिनिटाला उलटीपालटी करायची, आत उकळता रस, आणि लिंपण डोक्यावर आले तरी गळता कामा नये. शिवाय ते लिंपण असे हवे, की रसाला बाधणार नाही. वाळू-मातीचे अस्तर मळीत विरघळून जाई आणि लोखंड बिघडवी. मेनेलॉस यांनी अखेर हा नाद सोडला.

त्यानंतर अमेरिकेतून बातमी आली. ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरातल्या रेल्वे-लोखंडाच्या कारखान्यात सॅम्युएल डँक्स नावाच्या व्यवस्थापकाने फिरती भट्टी चालवून दाखवली होती. तिची रचना अशी. लोखंडी पत्र्यांचे आडवे नळकांडे, रुळांसारख्या चाकांवर टेकलेले. बाहेरून दात्यांचे मोठे कडे आणि त्याला वाफेचे लहान इंजिन जोडलेले. एका टोकाला न हलणारी शेगडी. तिच्यात पंख्याने वारा घातला, की ज्वाळा नळकांड्यात शिरते. दुसऱ्या टोकाला धुराड्याकडे जाणारे तोंड, आणि ते बाजूला सरकवता येणारे. सारी मख्खी अस्तरात होती. डँक्सने आधी खनिजाची पूड आणि चुना कालवून आत थापला. त्यावर खनिज वितळवून थोडे थोडे ओतले आणि ते गोठण्यापूर्वी त्यात खनिजाचे मोठे दगड बसवले. एक भाग झाला की नळकांडे थोडे फिरवायचे, पुढचा भाग घ्यायचा. गवंडी विहिरीचे कडे बांधतो तसेच, फक्त आडवे. आत दगडांचे उंचवटे राहिले, ते रसाला उचलून घेत आणि घोटत.

बीड घातले, की आधी नळकांडे संथ हलवायचे. वितळले की फिरवायचे. वर तरंगणारी मळी भोकावाटे सोडून द्यायची, मग पुन्हा वेग वाढवायचा. हाताच्या भट्टीहून जास्त माल एका वेळी. शेवटी तोंड सरकवायचे, यारीला टांगलेला मोठा काटा आत घालायचा आणि सगळे लोखंड एकाच अजस्र गोळ्यात बाहेर काढायचे. गज नाही, घाम नाही. पाहणाऱ्याला चमत्कारच वाटे.

या बातमीने जिथे सर्वांत अधिक खळबळ उडाली ते गाव होते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे मिडल्सबरो. याचे कारण समजून घेतले पाहिजे. १८०१ साली या वस्तीत पंचवीस माणसे होती. १८५० साली जवळच्या क्लीव्हलंडच्या टेकड्यांत लोहखनिजाचा जाड थर सापडला आणि १८७१च्या शिरगणतीत लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. सगळे गाव लोखंडावर जगत होते. पण क्लीव्हलंडच्या खनिजात फॉस्फरस फार. फॉस्फरस राहिला की लोखंड थंडीत तडकते. घोटण्याच्या भट्टीत तो मळीबरोबर निघून जाई, म्हणून मिडल्सबरोच्या रुळांना गिऱ्हाईक होते.

आणि नेमक्या याच ठिकाणी धोका उभा राहिला होता. हेन्री बेसेमरने १८५६ साली वितळलेल्या बिडातून नुसता वारा फुंकून वीस-पंचवीस मिनिटांत कित्येक टन पोलाद करण्याची रीत जाहीर केली होती. वाऱ्याने कार्बन असा भडकतो, की त्या आगीने लोखंड पातळच राहते. घोटायला नको, गोळे नकोत. डर्बी स्टेशनावर जिथे लोखंडी रूळ काही महिन्यांत झिजत, तिथे १८५७ साली एक पोलादी रूळ टाकला, तो वर्षांमागून वर्षे तसाच राहिला. रेल्वे कंपन्यांना आणखी काय सांगायला हवे? पण बेसेमरच्या पात्राचे अस्तर वाळूच्या जातीचे होते आणि त्यात फॉस्फरस जात नसे. म्हणजे मिडल्सबरोच्या खनिजातून बेसेमरचे पोलाद होईना. गावापुढे एकच वाट होती: घोटलेले लोखंडच इतके स्वस्त करायचे, की पोलादापुढे ते टिकावे. डँक्सच्या भट्टीत त्यांना ती वाट दिसली.

ब्रिटनमधल्या लोखंड-पोलाद संस्थेने १८७१ साली तीन जणांचे मंडळ अमेरिकेला पाठवले: जॉन जोन्स, जॉन लेस्टर आणि डाउलेसचे रसायनज्ञ जॉर्ज स्नेलस. भोळेपणाने पाहून यावे अशी ही माणसे नव्हती. ब्रिटनमधले बीड त्यांनी तिकडे नेले, डँक्सच्या भट्टीत घालायला लावले, वजने घेतली, आधी आणि नंतर काय काय राहिले ते तपासले. अहवाल अनुकूल आला. लोखंड चांगले निघते, मजुरी वाचते, फॉस्फरस हाताच्या भट्टीइतकाच किंवा अधिक नीट निघतो. झाले, मिडल्सबरोत हॉपकिन्स-गिल्क्स कंपनीने फिरत्या भट्ट्या बसवल्या. इरिमस नावाचा कारखाना तर याच भट्ट्यांसाठी उभा राहिला.

थोड्याच वर्षांत सगळे निवळले, आणि ज्या उत्साहाने भट्ट्या बसल्या त्याच्याहून गुपचूप त्या निघाल्या. काय बिघडले? पत्र्यांचे नळकांडे तापले की फुगे, सांधे सुटत, फिरते नळकांडे आणि स्थिर शेगडी यांच्यामधून आग बाहेर पडे. अस्तर सिनसिनाटीत नीट राहिले होते, इथे रोजच्या रामरगाड्यात ढासळू लागले. हाताच्या भट्टीत घोटणारा दर खेपेनंतर तोंडातून बघून जिथे झिजले तिथे लिंपून घेई. नळकांडे थंड केल्याशिवाय डागडुजी होत नाही, आणि थंड केले की अस्तराला भेगा. दुसरे दुखणे त्या अजस्र गोळ्याचे. चाळीस किलोंचा गोळा घणाखाली फिरवून फिरवून मळी पिळता येते. त्याच्या कितीतरी पट जड गोळा दाबायला नवी अवजड यंत्रे लागली, आणि तरी पोटात मळी राहून जाई. गोळ्याचा एक भाग पक्व, एक कच्चा. अशा लोखंडाचा रूळ लाटला तर तो पापुद्र्यांनी सुटतो.

घोटणाऱ्यांनी यंत्राला साथ दिली नाही म्हणून ते बुडाले, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. कामगारांना भट्टी आवडली नसेल हे उघड आहे. पण अस्तर गळते ते कोणाच्या आवडीनिवडीने नव्हे. गोष्ट अशी, की घोटण्यात दोन कामे एकत्र होती. एक बळाचे, दुसरे नजरेचे. नळकांड्याने बळाचे काम चोख केले. नजरेचे काम त्याने काढून टाकले नाही, उलट बंद पिंपाच्या आत कोंडून अवघड करून ठेवले. जिथे पूर्वी एक माणूस पाच गोळे वेगवेगळे पारखून बांधी, तिथे आता एका गोळ्यावर सगळा डाव.

शिवाय काळ थांबला नाही. १८७३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, रेल्वे कंपन्या बुडाल्या, रुळांच्या मागण्या आटल्या. जे रूळ विकत घेत होते ते पोलादाचेच मागू लागले. मिडल्सबरोत घोटण्याच्या भट्ट्या हाताच्या असोत की फिरत्या, शेकड्यांनी थंड पडल्या आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसे घरी बसली. विल्यम सीमेन्स यांनीही याच दशकात खनिजापासून थेट लोखंड करणारी फिरती भट्टी चालवून पाहिली. तीही धंद्यात रुजली नाही.

आता या हकिकतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. स्नेलस अमेरिकेचा अहवाल लिहीत बसले होते, तेव्हा एक प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. डँक्सच्या भट्टीत फॉस्फरस जातो, बेसेमरच्या पात्रात जात नाही. दोन्हींत बीड तेच. मग फरक कशात? उष्णतेत, की अस्तरात? वाळूच्या अस्तराऐवजी चुन्यासारख्या उलट गुणाच्या पदार्थाचे अस्तर दिले तर? १८७२ साली त्यांनी चुन्याच्या अस्तराचे पेटंट घेतले आणि प्रयोगापुरते चांगले पोलादही करून दाखवले. पण रोजच्या कामात टिकेल असे अस्तर त्यांना साधले नाही, आणि त्यांनी ते काम पुढे रेटले नाही.

ते साधले सिडनी गिलख्रिस्ट टॉमस या तरुणाला. हा लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून, रात्री रसायनशास्त्र शिकणारा. स्नेलसच्या कामातून नव्हे, आपल्या स्वतंत्र वाटेने तो त्याच उत्तरापाशी आला. वेल्समध्ये नोकरीला असलेला चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याच्या मदतीने त्याने अस्तर सिद्ध केले, आणि ४ एप्रिल १८७९ रोजी ते जाहीरपणे दाखवले. कुठे, तर मिडल्सबरोतच, बोल्को-व्हॉन कंपनीच्या कारखान्यात. क्लीव्हलंडच्या खनिजाचे पोलाद झाले. गाव वाचले, घोटण्याचा धंदा मात्र वाचला नाही. १८८३ साली लोखंड-पोलाद संस्थेचे बेसेमर सुवर्णपदक टॉमस आणि स्नेलस या दोघांना मिळून देण्यात आले.

शेतकरी मंडळींसाठी इथे एक पुस्ती जोडतो. टॉमसच्या रीतीत लोखंडातला फॉस्फरस चुन्याबरोबर मळीत येतो. ही मळी दळून शेतात टाकली तर ते स्फुरदाचे उत्तम खत, आम्ल जमिनीला तर विशेष. युरोपात पुढे कित्येक दशके ते ‘टॉमस मळी’ या नावाने पोत्यांनी विकले गेले. जे लोखंडाला विष तेच पिकाला अन्न.

घडीव लोखंड लगेच नाहीसे झाले असे नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये उभा राहिलेला आयफेल मनोरा सुमारे ७,३०० टन घोटलेल्या लोखंडाचा आहे. साखळ्या, आकडे, आगबोटींचे सुटे भाग यांना गंजाला तोंड देणारे हे चिवट लोखंड बराच काळ हवे होते. ते यंत्राने करण्याचा प्रश्नही अखेर सुटला, पण फिरत्या पिंपाने नव्हे. अमेरिकेत जेम्स अ‍ॅस्टन यांनी दोन्ही कामे वेगळी केली. कार्बन काढण्याचे काम बेसेमरच्या पात्राला, आणि मळीचे धागे घालण्याचे काम वेगळ्या कढईला: शुद्ध केलेला लोखंडाचा रस त्याहून थंड अशा वितळलेल्या मळीत ओतायचा. रस तिथल्या तिथे फुटतो, गोठतो आणि कढईच्या तळाशी टनावारी वजनाचा स्पंजासारखा गोळा बसतो. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅम्ब्रिज येथे या रीतीचा मोठा कारखाना १९३० साली सुरू झाला, तो १९६९ साली बंद पडला. इंग्लंडात हाताने घोटणारा शेवटचा धंदेवाईक कारखाना बोल्टन गावचा. तो १९७३ साली थांबला. त्याची यंत्रे आयर्नब्रिजजवळच्या ब्लिस्ट्स हिल या संग्रहालयात नेऊन उभी केली आहेत.

फिरत्या भट्टीचे मात्र पुढे भलतेच नशीब उघडले. सिमेंट भाजायला तीच लागते, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात अशी लांबच लांब नळकांडी दिवसरात्र फिरत आहेत. त्याच जिल्ह्यात घुग्घुस येथे अशाच नळकांड्यात लोहखनिज आणि दगडी कोळसा एकत्र तापवतात, साधारण हजार अंशांवर. लोखंड वितळत नाही. आगरियांच्या भट्टीतल्यासारखे ते घट्टच राहते आणि भोकाभोकांचे होऊन बाहेर पडते. त्याला स्पंज लोखंड म्हणतात. या नळकांड्याला पातळ रस सांभाळावा लागत नाही आणि गोळाही वळावा लागत नाही, म्हणून डँक्सला छळणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे उद्भवतच नाहीत. पण हे स्पंज लोखंड कोणी ऐरणीवर घेत नाही. ते विजेच्या भट्टीत जाते, आणि तिथे त्याचे पोलाद होते.